तासाची पहिली पाच मिनिटं

चाचणी करायची ती तासाच्या पहिल्या पाच मिनिटांतच,
असा नियम आहे.
एरवी कुणी ऐकलंच, तर त्याला खरं वाटेल.

म्हणून अकरा वाजायची वाट बघतोय आम्ही,
वणीच्या पुढे, कोळशाच्या धुळीनं करड्या पडलेल्या
धावपट्टीच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये.
मे महिना. पाना हातात धरवत नाही,
फडक्यात गुंडाळून फिरवते.
विमानाच्या शेपटीत कोपरापर्यंत हात,
आणि आत, चार स्क्रूंवर, नारिंगी डबा.
माझ्याच वयाचा.

कॅप्टन वऱ्हाडपांडे म्हणतात, चांगला आहे की अजून,
बॅटरी वेळच्या वेळी बदलत आलोय.
चांगलाच आहे, सर.
आदळला तर आजही हाक देईल.
पण वर जे उपग्रह ही हाक ऐकायचे
त्यांनी ऐकणं सोडलं दोन हजार नऊमध्ये,
फेब्रुवारीच्या एक तारखेला.
रविवार होता.

देवाजी कुळमेथे दारात उकिडवा, खर्रा घोटत.
"मंग थे बोंबलते तरी कोणाले?"

अकरा.
बटण दाबलं, आणि माझ्या हातातल्या रेडिओतून तो आवाज
वरून खाली घसरत, पुन्हा वरून खाली,
रहाट सुटलेली बादली
आणि विहिरीला तळ नाही.
तीनदा. मग बंद केलं.

देवाजीचा अंगठा खर्र्यावर थांबला.
"असा आवाज होय याचा?"

माझ्याकडे न बघता सांगत गेला:
नऊनंतर दोन वर्षांनी, तेंदूपत्त्याच्या हंगामात,
पैनगंगेच्या अलीकडे, सागाच्या रानात
पडलं होतं एक. चौथ्या दिवशी सापडलं,
तेही पुडे बांधणाऱ्या बायांना.
"आतमधी असाच डबा. लाल लाईट लुकलुके.
म्या हातात घेतला, कानाले लावला.
मले वाटलं, मुकाच राहते."

कुणी काही बोललं नाही.
मी स्क्रू काढायला घेतले; तिसरा गंजलेला होता.

नवा लहान आहे. नवी तार, नवा अँटेना.
दर पन्नास सेकंदांनी अर्धाच सेकंद बोलतो,
पण नाव सांगतो:
पंधरा अक्षरं, याच विमानाची, दुसऱ्या कुणाची नाहीत,
आणि कुठं पडलोय ते.
"बराबर हाय," देवाजी म्हणाला.
"मोहफुलं येचाले गेलो का आम्ही बी कुकारतो.
पण नुसत्या कुकाऱ्यानं समजत नाही कोण हरपलं.
नाव घ्या लागते."

मग फॉर्म.
मालक. पत्ता. रंग: पांढरा, निळा पट्टा.
संपर्क पहिला: कॅप्टननी स्वतःचाच नंबर लिहिला.
सर, तुम्ही तर आत असाल.
हसले. खोडला.
मुलगी ऑस्ट्रेलियात, तिच्याकडे तेव्हा रात्र असायची.
बाईंना जाऊन सहा वर्षं.
पेन कागदावर टेकलेलं, खाली शाईचा ठिपका
वाढत वाढत मुगाएवढा.

"देवाजी, तुझा नंबर सांग."
"रेंज नाही राहत न साहेब.
टाकीवर चढलं का दोन काड्या येते."
"सांग."

खाली 'नातं' असा रकाना.
तो रिकामा सोडता येत नाही, मी म्हटलं.
त्यांनी चष्मा पुसला, सदऱ्याच्या टोकानं, बराच वेळ,
आणि लिहिलं:
उतरायच्या आधी पट्टीवरच्या बकऱ्या हाकलतो.

बाराला चार मिनिटं कमी.
नव्याची चाचणी घ्यायची म्हणून वळले
तर दारात नुसती खर्र्याची पन्नी.
देवाजी पाण्याच्या टाकीच्या शिडीवर, अर्ध्यात पोचलेला,
तापल्या लोखंडावर दुपट्ट्याचे बोळे धरत.

चाचणीत फोन येत नसतो हो, मी ओरडले.

"माईत हाय," वरून आलं.
"पाहून ठेवतो."